'ओळखीचा माणूस' इंग्रजीत कसा सांगाल? अक्वेन्टन्स, कॉन्टॅक्ट, असोसिएट, पार्टनर यांतला फरक



आजचा विषय इंग्रजीचा आहे, पण घाबरू नका, व्याकरणाचा तास घेणार नाहीये. आज एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचंय. ज्या माणसाला आपण वरवर ओळखतो, त्याच्याबद्दल ईमेलमध्ये, फोनवर किंवा मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलताना नेमका कोणता शब्द वापरायचा?

तुम्ही म्हणाल, "सर, एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खा लेख?" हो. कारण या एवढ्याशा गोष्टीने मला एकदा ८०,००० रुपयांचा फटका बसलाय. आधी तो किस्सा सांगतो, मग शब्दांकडे वळू.

एका शब्दाची किंमत

ट्रेनिंगमध्ये येण्याआधी भोसरीत माझं पॅकिंगच्या खोक्यांचं छोटं युनिट होतं. कागद वापीहून यायचा. सप्लायर गुजराती, त्यामुळे पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत. माझं इंग्रजी तेव्हा कामचलाऊ.

खोक्यांवर छपाई करून देणारा एक जण होता. आम्ही मिळून तीन-चार ऑर्डरी केल्या होत्या. माणूस बोलायला गोड, काम बरं. एकदा तो म्हणाला, "तुमच्या वापीवाल्याशी माझी ओळख करून द्या ना, मलाही कागद लागतो." यात काय अवघड? मी दोन ओळींचा मेल टाकला. त्यात लिहिलं, "ही इज माय बिझनेस पार्टनर." मला म्हणायचं होतं, 'आम्ही एकत्र काम करतो.' पण लिहिलं गेलं, 'हा माझा धंद्यातला भागीदार आहे.'

सप्लायरने माझ्या नावावर विश्वास ठेवून त्याला १,६०,००० चा माल उधारीवर दिला. दोन महिने झाले, चार झाले, पैसे काही आले नाहीत. मग सप्लायर थेट माझ्या युनिटवर आला. हातात माझ्याच मेलची प्रिंट. "तुम्ही लिहून दिलंत पार्टनर आहे म्हणून. मी तुमच्याकडे बघून माल दिला."

मी म्हटलं, "अहो, तसा अर्थ नव्हता हो." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "पण शब्द तर तोच आहे ना?"

शेवटी बसून मिटवलं. अर्धे पैसे मी हप्त्याने दिले, अर्धे त्या छपाईवाल्याकडून हळूहळू वसूल झाले. पैसे गेले ते गेलेच, पण त्या सप्लायरने मला नंतर एक रीळही उधारीवर दिलं नाही. ते नुकसान जास्त मोठं होतं.

नंतर एका वकिलांना विचारलं, तेव्हा कळलं की सप्लायर उगाच भांडत नव्हता. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ चं कलम २८ हेच सांगतं. तुम्ही बोलून, लिहून किंवा वागण्यातून स्वतःला कुणाचा भागीदार म्हणून दाखवलंत, किंवा जाणूनबुजून तसं दाखवू दिलंत, आणि त्या भरवशावर समोरच्याने उधारी दिली, तर तुमच्यावर भागीदारासारखी जबाबदारी येऊ शकते. भागीदारीचा करार झालेला नसला तरीही!

म्हणून हा लेख.

गोंधळ का होतो?

मराठीत आपल्याकडे एक फार सोयीचं वाक्य आहे: "ओळखीचे आहेत." लग्नात एकदा भेटलेला, बँकेत रोज दिसणारा, दहा वर्षं माल घेणारा, गावाकडचा, सगळे 'ओळखीचे'. आणि जरा जास्त जवळीक दाखवायची असेल तर "आपलाच माणूस आहे!" ऐकणारा मराठी माणूस आपल्या सुरावरून, चेहऱ्यावरून ओळख किती खोल आहे ते बरोबर ताडतो.

ईमेलमध्ये ना सूर असतो, ना चेहरा. तिथे फक्त शब्द असतो. शब्द हलका निवडला तर चांगला माणूस परका वाटतो, आणि जड निवडला तर त्याच्या चुका तुमच्या गळ्यात येतात.

म्हणून शब्द निवडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा:

१. मी त्याला ओळखतो, पण तो मला ओळखतो का?
२. आमच्यात कामाचा किंवा पैशाचा व्यवहार झालाय का?
३. उद्या त्याने घोळ घातला, तर तो निस्तरायला मी तयार आहे का?

हे तीन प्रश्न डोक्यात ठेवून पुढचे शब्द वाचा.

१. अक्वेन्टन्स: तोंडओळखीचा

वरवरच्या ओळखीसाठी इंग्रजीतला हा अगदी नेमका शब्द. नाव माहीत आहे, भेटलं की बोलणं होतं, पण घरी जाणं-येणं नाही आणि सुख-दुःखात हाक मारण्याइतकी जवळीकही नाही. यात ओळख दोन्ही बाजूंनी असते. सचिन तेंडुलकरला आपण सगळे ओळखतो, पण तो आपला अक्वेन्टन्स नाही, कारण तो आपल्याला ओळखत नाही!

वाक्य असं: "ही इज अ‍ॅन अक्वेन्टन्स ऑफ माइन." म्हणजे माझी त्यांच्याशी ओळख आहे, त्यापलीकडे मी काही म्हणत नाही.

ओळख अगदीच जुजबी, म्हणजे समोर आलो की मान हलवण्यापुरती असेल, तर 'नॉडिंग अक्वेन्टन्स' म्हणतात. मान डोलावण्यापुरता परिचय, शब्दातच सगळं आलं.

स्पेलिंगची एक खूण लक्षात ठेवा: ए नंतर सी आणि मग क्यू. बरेच जण तो सी खातात.

एक सावधानता. त्या व्यक्तीसमोरच तिला 'अक्वेन्टन्स' म्हणू नका. कानाला जरा कोरडं लागतं. मराठीत कुणाच्या तोंडावर "यांची-माझी फक्त तोंडओळख आहे" म्हटलं तर त्यांना कसं वाटेल? तसंच. समोर असताना "वी नो ईच अदर" म्हणा. सत्यही आहे आणि गोडही.

२. कॉन्टॅक्ट: कामापुरता संपर्क

मूळ लॅटिन अर्थ 'एकमेकांना स्पर्श'. धंद्यात कॉन्टॅक्ट म्हणजे ज्याच्याकडून माहिती, काम किंवा पुढची ओळख मिळू शकते असा माणूस. "आय हॅव अ कॉन्टॅक्ट इन द मार्केट यार्ड." मार्केट यार्डात माझा एक माणूस आहे.

इथे भावनेचा भाग नाही, उपयोगाचा आहे. अक्वेन्टन्स लग्नातला, सोसायटीतला, ट्रेनमधला कुणीही असू शकतो. कॉन्टॅक्ट मात्र कामाच्या संदर्भातच.

आता गंमत बघा. मोबाइलमध्ये आपण प्रत्येक नंबरला 'कॉन्टॅक्ट' म्हणतो. हजार नंबर सेव्ह आहेत म्हणून हजार जण आपले झाले का? व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरून पाहा. तो मेसेज फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. म्हणजे आपला पहिला प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपही विचारतं: तो तुम्हाला ओळखतो का?

३. कनेक्शन: जोडलेला

लिंक्डइनमुळे हा शब्द आपल्याकडे रुळला. तिथे विनंती स्वीकारली की झालं कनेक्शन. प्रत्यक्ष भेट झालेली असेलच असं नाही. म्हणून लिंक्डइनवर जोडलेल्या माणसाबद्दल लिहिताना "वी आर कनेक्टेड ऑन लिंक्डइन" एवढंच लिहा. "आय नो हिम वेल" लिहू नका. समोरच्याने त्याला फोन करून विचारलं आणि तो म्हणाला "कोण? मला नाही आठवत," तर पत तुमची जाते.

आणि हो, "माझे वरपर्यंत कनेक्शन्स आहेत" या अर्थाने अनेकवचनात वापरला की तो वशिल्याचा शब्द होतो. क्लायंटसमोर टाळा.

४. कॉलीग: बरोबर काम करणारा

एकाच ऑफिसात, एकाच संस्थेत काम करणारे दोघे एकमेकांचे कॉलीग. उच्चार 'कॉलीग', 'कॉलेज'शी गल्लत नको. जुन्या नोकरीतले असतील तर 'फॉर्मर कॉलीग'. नोकरी सोडून धंद्यात येणाऱ्यांसाठी हा सोन्याचा शब्द आहे. "वी वर्क्ड टुगेदर फॉर फोर इयर्स" या एका वाक्यात चार वर्षांचा अनुभव येतो आणि जबाबदारी मात्र गळ्यात येत नाही.

तुमचा सप्लायर किंवा जॉबवर्क करून देणारा तुमचा कॉलीग नव्हे. तो 'सप्लायर' किंवा 'व्हेंडर'. सरळ तसंच लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

५. असोसिएट: कामाने जोडलेला, पण किती ते सांगता येत नाही

हा निसरडा शब्द आहे. मॉलमध्ये 'सेल्स असोसिएट' म्हणजे विक्री करणारा कर्मचारी. वकिलांच्या फर्ममध्ये 'असोसिएट' म्हणजे भागीदार नसलेला वकील. आणि इंग्रजी क्राइमच्या बातमीत 'असोसिएट' आला की तो गुन्हेगाराचा साथीदार!

'बिझनेस असोसिएट' हा शब्द आपल्याकडे रुबाबदार वाटतो म्हणून वापरतात. पण वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, म्हणजे नक्की कोण? पगारी माणूस? कमिशनवाला? भागीदार? जिथे उधारीचा, अ‍ॅडव्हान्सचा विषय आहे, तिथे असा धूसर शब्द नकोच. त्याऐवजी काम सांगा: "ही डझ प्रिंटिंग फॉर अस." तो आमचं छपाईचं काम करतो. विषय संपला.

६. पार्टनर आणि एजंट: जपून!

कायद्याने भागीदारी म्हणजे काय? सर्वांनी मिळून, किंवा सर्वांच्या वतीने एकाने चालवलेल्या धंद्याचा नफा वाटून घ्यायचा आपसातला करार. आणि भागीदारीत असताना फर्मने केलेल्या कामांची जबाबदारी प्रत्येक भागीदारावर येते, एकत्रही आणि स्वतंत्रपणेही. तेव्हा 'डिलिव्हरी पार्टनर', 'चॅनल पार्टनर' असे शब्द जाहिरातीत कितीही दिसोत, तुमच्या स्वतःच्या मेलमध्ये कुणाला नुसतं 'पार्टनर' म्हणण्याआधी तिसरा प्रश्न आठवा.

'एजंट'चंही तेच. एजंट म्हणजे तुमच्या वतीने तिसऱ्याशी व्यवहार करणारा. त्याला दिलेल्या अधिकारात त्याने दिलेला शब्द तुम्हाला बांधून ठेवतो. गिऱ्हाईक आणून देतो म्हणून कुणालाही 'माय एजंट' म्हणत सुटू नका.

७. रेफरन्स आणि गॅरंटर

कर्जाच्या फॉर्मवर हे दोन्ही शब्द भेटतात. रेफरन्स म्हणजे तुम्हाला ओळखणारा माणूस, ज्याला फोन करून विचारपूस करता येईल. गॅरंटर म्हणजे जामीन. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते.

कुणी म्हणालं, "फक्त ओळख म्हणून सही पाहिजे," तर आपण कोणत्या रकान्यात सही करतोय ते वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. ओळखीखातर केलेल्या सहीने कित्येक घरं अडचणीत आलीत.

८. फ्रेंड: स्वस्त करू नका

फेसबुकने सगळ्यांनाच फ्रेंड केलं, पण धंद्याच्या पत्रात हा शब्द वजनदार आहे. 'क्लोज फ्रेंड' लिहिलंत, की वाचणारा समजतो, तुम्ही त्याच्या चारित्र्याची हमी देताय. थोडी जवळीक दाखवायची असेल तर 'अ फ्रेंड ऑफ माइन' पुरे. मित्राच्या मित्रासाठी 'अ फ्रेंड ऑफ अ फ्रेंड'. दोघांच्याही ओळखीच्या माणसासाठी 'म्युच्युअल फ्रेंड' किंवा 'म्युच्युअल कॉन्टॅक्ट'.

आणि अनोळखी गिऱ्हाइकाला 'डिअर फ्रेंड' म्हणून मेल सुरू करू नका. फसवणुकीचे कितीतरी मेल असेच सुरू होतात. वाचणारा पुढे वाचतच नाही.

मग तोंडओळख कमी दर्जाची का?

मुळीच नाही! हा मुद्दा नीट ऐका.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक शोधनिबंध लिहिला, जो आजही जगभर वाचला जातो. बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात त्यांनी नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, ही नोकरी तुम्हाला कुणाकडून कळली? ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोक त्या माणसाला वारंवार भेटत होते. ५५.६ टक्के अधूनमधून भेटत होते आणि २७.८ टक्के क्वचित, म्हणजे वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी.

आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वात मजेशीर गोष्ट ही: "तुमच्या फ्रेंडने सांगितलं का?" असं विचारल्यावर लोक वारंवार त्यांना दुरुस्त करत. फ्रेंड नव्हे, अक्वेन्टन्स! या दुरुस्तीवरूनच त्यांना तो मुद्दा सुचला.

असं का होतं? जवळचे मित्र आपल्याच वर्तुळात फिरतात. आपल्याला जे माहीत, तेच त्यांना माहीत. तोंडओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळातला असतो. त्याच्याकडे आपल्यापर्यंत न पोचलेली बातमी असते. अभ्यास नोकरीचा होता, पण धंद्यात मीही तेच पाहिलंय. माझी पहिली मोठी ऑर्डर मित्राने नाही दिली. पीएमटीच्या बसस्टॉपवर रोज दिसणाऱ्या एका स्टोअरकीपरने दिली. आमची ओळख म्हणजे "आज बस उशिरा वाटतं" एवढीच!

तेव्हा अक्वेन्टन्स जपा. फक्त त्याला कागदावर पार्टनर करू नका.

आपल्याकडच्या नेहमीच्या चुका

"ही इज माय नोन." ही तर घरोघरची चूक. 'नोन' एकटा असा वापरत नाहीत. म्हणा, "ही इज समवन आय नो."

"ही इज फ्रॉम माय नेटिव्ह प्लेस." आपल्याकडे चालतं, पण परदेशी गिऱ्हाइकाला जरा अडखळायला होतं. गाववाल्यासाठी "वी आर फ्रॉम द सेम टाउन" किंवा "सेम व्हिलेज".

"ही इज माय बॅचमेट." हाही मुख्यतः आपल्या भागातला शब्द. बाहेरच्यांना 'क्लासमेट' किंवा "वी स्टडीड टुगेदर" लगेच कळतं.

"ही इज माय कझिन ब्रदर." नुसतं 'कझिन' पुरे. आणि सप्लायरला सांगताना नातं सांगायची गरज आहे का, तेही बघा.

ओळख करून देणारा मेल: चार ओळींत

माझा तो मेल आज लिहायचा असता, तर मी असा लिहिला असता. तुम्ही हाच साचा वापरा:

पहिली ओळ, कोण: "धिस इज टु इंट्रोड्यूस अ प्रिंटर हू वर्क्स इन भोसरी."
दुसरी ओळ, ओळख कशी आणि किती: "ही हॅज डन फोर प्रिंटिंग जॉब्ज फॉर मी सिन्स जानेवारी."
तिसरी ओळ, काय हवंय: "ही वॉन्ट्स टु बाय पेपर फ्रॉम यू."
चौथी ओळ, हद्द: "प्लीज डिसाइड युअर ओन टर्म्स विथ हिम, वी आर सेपरेट बिझनेसेस."

चौथी ओळ लिहायला संकोच वाटतो, मला माहितीये. "त्याला काय वाटेल?" असं मनात येतं. पण बघा, या मेलमध्ये त्या माणसाची एका शब्दाने बदनामी नाही. चार कामं केली हे खरं आहे, आणि सप्लायरला तेच हवं असतं: आकडा आणि कालावधी. विशेषणांपेक्षा आकडे जास्त बोलतात. जो माणूस या चौथ्या ओळीवर रागावेल, त्याची ओळख करून द्यायचीच का, याचा विचार करा.

आता तुमची पाळी

आधी स्वतः उत्तर द्या, मग खाली बघा.

१. प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर तीन दिवस असलेल्या मसालेवाल्या ताई. नंबर घेतलाय, व्यवहार नाही.
२. आधीच्या कंपनीत तुमच्याबरोबर अकाउंट्सला असलेले काका, आता स्वतंत्र जीएसटीची कामं करतात.
३. तुमच्यासाठी पापड लाटून देणाऱ्या बचत गटाच्या अध्यक्षा.
४. मेव्हण्याचा मित्र, दुबईत किराणा दुकानं चालवणारा. तुम्ही कधी भेटलेला नाहीत.

उत्तरं: पहिल्या ताई 'अक्वेन्टन्स', मसाल्याच्या कामासाठी त्यांना फोन करायची वेळ आली की 'कॉन्टॅक्ट'. दुसरे 'फॉर्मर कॉलीग'. तिसऱ्या 'सप्लायर', "शी रन्स द ग्रुप दॅट मेक्स पापड फॉर अस" हे त्याहून चांगलं. चौथा तुमचा अजून कुणीच नाही! "अ फ्रेंड ऑफ माय ब्रदर-इन-लॉ" एवढंच लिहा आणि ओळख मेव्हण्याला करून द्यायला सांगा.

गृहपाठ एकच. आज रात्री मागच्या महिन्यातले तुमचे इंग्रजी मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उघडा आणि 'पार्टनर' हा शब्द शोधा. जिथे सापडेल तिथे तिसरा प्रश्न विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर त्या माणसाला आजच दोन ओळी लिहून दुरुस्ती करा. "जस्ट टु क्लॅरिफाय, वी आर सेपरेट बिझनेसेस" एवढं पुरेसं आहे. मी तेव्हा केली असती, तर ८०,००० वाचले असते आणि वापीचा कागदही आला असता.

एक लक्षात ठेवा. मी वकील नाही. लेखी करार, भागीदारी, जामीन असा विषय आला की सही करण्याआधी वकिलांचा किंवा सीएंचा सल्ला घ्या. त्यांची फी फटक्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ओळखी वाढवा, शब्द जपून वापरा.